आक्काच्या गिरणीचा शाफ्ट

भात कापायला आलं की काहींचा दमा उसळतो. पहाटे धुकं, दुपारी कोरडं ऊन आणि हवेत उडणारा तूस, हे सगळं एकदम छातीला मानवत नाही. माझी छाती ठणठणीत आहे. मला या दिवसांत मत्सर उसळतो. दरवर्षी मळवलीला गाडीतून उतरलो, भाजे गावच्या रस्त्याला लागलो आणि कापलेल्या भाताचा तो ओलसर, गोडसर वास नाकात शिरला, की माझ्या पोटात दुखायला लागतं. डॉक्टरकडे जाऊन उपयोग नाही. त्या दुखण्याचं नाव सोपान आहे आणि तो मळवलीच्या नाक्यावर वेल्डिंगचं दुकान चालवतो.

यंदाही तसंच झालं. भाऊबीज होती. खाचरं निम्मी-अर्धी कापून झालेली, उरलेल्या भाताच्या लोंब्या खाली वाकलेल्या. बांधावर पेंढ्या उभ्या होत्या आणि लेणी बघायला आलेली दोन पोरं एक पेंढी हातात धरून फोटो काढत होती. मालक लांबून बघत होता. मी पिशवी सावरत चालत राहिलो. वळणावर आल्यावर आक्काच्या गिरणीचा आवाज कानावर आला, आणि सवयीनं मी थांबलो. लोक गाणं ऐकायला थांबतात, मी बेअरिंग ऐकायला थांबतो. पट्ट्याचा फटफट आवाज येत होता, जाळीतून पडणाऱ्या तांदळाची सरसर येत होती. शाफ्टचा, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या पोलादी दांड्याचा, मात्र काहीच आवाज येत नव्हता. शाफ्टचा आवाज येऊच नये, अशासाठीच तर मी एवढा खटाटोप केला होता.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही मूळचे नाणे मावळातले. आई दिवसभर शेतात असायची, त्यामुळे मला वाढवलं ते आक्कानं, तिच्या कडेवर. तिचं लग्न झालं तेव्हा मी मांडवात एवढा रडलो, की वऱ्हाडातल्या कुणीतरी विचारलं, नवरी नक्की कोण आहे? भाजे गावात दाजींची भाताची गिरणी होती. जुन्या पद्धतीची, एका ओतीव रोलरची, भात आत घातलं की घासून तूस काढणारी. दाजी गेले आणि गिरणी आक्काकडे आली. ती पदर खोचून, तोंडाला फडकं बांधून एकटी चालवते. तुसाच्या धुरळ्यात ती अशी उभी असते, की तिच्या भुवया दिवाळीतच म्हाताऱ्या दिसतात.

तिच्याकडे एक रीत आहे. हंगामात सगळ्यात आधी तिच्या स्वतःच्या खाचरातलं हळवं भात, म्हणजे लवकर तयार होणारं भात, गिरणीत पडतं. त्याचा पहिला ओंजळभर तांदूळ ती फडक्यात बांधून बाजूला ठेवते. भाऊबीजेला ती पुरचुंडी भावाची. दाजी होते तोवर ती माझीच होती. त्यात स्पर्धा अशी नव्हतीच, कारण भाऊ मी एकटाच होतो. घरी आणून आम्ही त्याचा आसट भात करायचो, वर नुसतं तूप. त्या वासानं शेजारचे विचारायला यायचे.

मग सोपान आला. दाजी गेले त्या हंगामात गिरणीची मोटर बसली, पट्टा तुटला, जाळी फाटली, जे जे होण्यासारखं होतं ते सगळं झालं. दर वेळी सोपान हजर. मीही निघायचो, नाही असं नाही. पण मी बेगडेवाडीला राहतो. मी गाडी पकडून, मळवलीला उतरून, चालत पोचेपर्यंत सोपान येऊन, काम करून, चहा पिऊन पाय पसरून बसलेला असायचा. अंतराचा असा गैरफायदा घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुढच्या श्रावणात आक्कानं त्याला राखी बांधली. मानलेला भाऊ! मी सख्खा, तो मानलेला. पण सख्खेपणा आपोआप मिळालेला असतो, आणि मानलेपण त्यानं कमावलेलं होतं. हा फरक माझ्या तेव्हाच ध्यानात आला आणि तेव्हापासून माझं पोट दुखतं.

माझं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तळेगावच्या पलीकडच्या एका कारखान्यात मी हीट ट्रीटमेंट विभागात आहे. सोप्या भाषेत, मी पोलादाला कातडी देतो. गिअरचे दात एकमेकांवर घासतात, मऊ असले तर झिजतात. म्हणून कडक हवेत. पण आतपर्यंत कडक केले तर धक्का बसताच काचेसारखे तडकतात. म्हणून आम्ही पोलाद भट्टीत तापवून त्याच्या वरच्या थरात कार्बन मुरू देतो आणि मग तेलात बुडवतो. वरची पातळ साल कडक होते, आत गाभा चिवट राहतो. या कामात दिसण्यासारखं काही नसतं. भट्टीत जाण्याआधीचा आणि नंतरचा गिअर शेजारी ठेवला तर परक्या माणसाला फार तर रंगाचा फरक दिसेल. आमच्याकडे कुणी निवृत्त झालं की निरोप समारंभात एकजण उठून हमखास सांगतो, की माणसानंही असंच वरून कठीण आणि आतून मऊ असावं. मला ते ऐकवत नाही. माणसाला भट्टीत घालता येत नाही, आणि घातलं तर त्याचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तर काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामात दिवाळीच्या आधी मी चकल्यांचा डबा घेऊन आक्काकडे गेलो होतो. ती खुशीत होती. गिरणीचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजला होता. तुसात वाळूसारखा कडक अंश असतो, तो बेअरिंगमध्ये शिरतो आणि पोलाद खातो. शाफ्ट ढिला होऊन थडथडायला लागला होता. मला कळवलं नव्हतं. सोपाननं काढून नेला, झिजलेल्या जागी वेल्डिंगचा थर भरला, लेथवर साफ करून आणून बसवला.

“कशानं भरला?” मी विचारलं.

“त्यो जेसीबीच्या दाताला लावत्यात न्हाई का, त्यो रॉड,” आक्का म्हणाली. “सोपान म्हनला, दगडात टिकतंय ते तुसात टिकनारच.”

आमच्या मावळात हल्ली जिकडेतिकडे जेसीबी. डोंगर कापून बंगल्यांसाठी जागा सपाट करायचं काम बारा महिने चालू. बादलीचे दात झिजतात, सोपान ते कडक रॉडनं भरून देतो आणि ते काळ्या दगडातही टिकतात. त्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबर होता. झिजेपुरता तो बरोबरच होता.

“आक्का, हा मोडेल.”

“कदी?”

“ते नाही सांगता येत.”

“मंग काय सांगतोयस?”

मला हातवारे करून सांगावं लागलं, की झिजणं वेगळं आणि थकणं वेगळं. आम्ही पोलादाच्या थकव्याला थकवाच म्हणतो. शाफ्टला एका बाजूनं पट्टा ओढत असतो, त्यामुळे तो डोळ्याला न दिसेल इतका वाकतो. आणि वाकलेलाच फिरतो. म्हणजे त्याच्या अंगावरची प्रत्येक जागा एका फेरीत एकदा ताणली जाते, एकदा दाबली जाते. दिवसभर, हंगामभर. दात दगडावर फक्त घासतो, त्याला असं वाकावं लागत नाही. आणि सोपाननं भरलेला थर गार होताना आकसलेला. त्यामुळे शाफ्टची ती जागा आधीच ढोलकीच्या कातड्यासारखी ताणलेली. ताणलेल्या कातड्याला नखाएवढी चीर पुरते.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. हातातलं सूप बाजूला ठेवलं.

“आरं, तुला सोपानचं काईच चांगलं दिसत न्हाई,” ती म्हणाली. “लय जळतोस त्याच्यावर.”

मी जळतच होतो. आणि शाफ्टही मोडणारच होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, पण पहिली सगळ्यांना दिसत होती म्हणून दुसरी कुणी ऐकून घेत नव्हतं. मी चकल्यांचा रिकामा डबा घेऊन घरी आलो.

त्या भाऊबीजेला आक्कानं दोन पाट मांडले. सोपानला आधी ओवाळलं, कारण त्याला दुकान उघडायचं होतं. त्याच्या कपाळावरचा टिळा मला जरा जास्तच ठसठशीत वाटला. मग आक्कानं कोनाड्यातली पुरचुंडी काढली आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या हातात ठेवली.

“गिरनी ज्यानं चालवली, पयला तांदूळ त्याचा,” ती मला म्हणाली. समजावून सांगत होती, लहानपणी सांगायची तशी. “तुला दुसऱ्या पोत्यातला देते. त्योच तांदूळ हाय.”

तोच तांदूळ होता. तेच खाचर, तीच गिरणी, तीच आक्का. घरी आम्ही भात केला, तूप घातलं. मी दोन घास खाल्ले आणि म्हणालो, जरा बुळबुळीत झालाय. बायको म्हणाली, “भात नेहमीसारखाच आहे. तुम्ही तेवढे वेगळे दिसताय.”

मत्सराची एक गंमत आहे. तो एकदाच मोठ्यानं दुखत नाही. पुन्हा पुन्हा, त्याच जागी, थोडा थोडा. सोपाननं आक्काला दवाखान्यात नेलं, दुखलं. सोपानच्या पोरीच्या बारशाला आक्का सकाळपासून गेली, दुखलं. फोनवर ती मला म्हणाली, “थांब, सोपान आलाय, मंग बोलते,” तेव्हा तर फोन हातात धरून मी कितीतरी वेळ गॅलरीत उभा राहिलो. खाली रेल्वेच्या रुळांवरून लोणावळ्याकडे गाडी गेली. ती मळवलीला थांबणार होती.

तुळशीची लग्नं झाली. गरवी, म्हणजे उशिरा तयार होणारी भातंही कापून झाली, खळी उरकली आणि गिरणीवर पोत्यांची रांग लागली. आणि एक दिवस दुपारी मी भट्टीपाशी असताना फोन आला. आक्काचा नव्हता.

“भाऊ, सोपान बोलतोय. तुमी म्हनला व्हता तसंच झालं बगा. मोडला. याल का लगेच?”

मला आनंद झाला. तो लपवून काय करू? असा आनंद मला मुलगा पास झाला तेव्हाही झाला नव्हता. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, घरी डोकावून मोजपट्टी आणि भिंग घेतलं. बायको दारात उभी होती.

“तिथं जाऊन हसू नका म्हणजे झालं,” ती म्हणाली.

गाडीत मी मनात वाक्यं तयार करत होतो. शांत, समजूतदार वाक्यं. ‘जाऊ दे आक्का, होतं असं.’ ‘सोपानची तरी काय चूक, त्याला कुठून माहीत असणार.’ क्षमा करण्यात एवढं सुख असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. कान्हे गेलं, कामशेत गेलं, आणि मी प्रत्येक स्टेशनाला आणखी मोठा होत गेलो.

गिरणीपाशी पोचलो तर दारापासून रस्त्यापर्यंत पोती. प्रत्येकावर कोळशानं नाव लिहिलेलं. पोत्यांवर माणसं बसलेली. गिरणी बंद असली की कानाला किती शांत वाटतं, आणि ती शांतता किती वाईट असते, ते त्या दिवशी कळलं. शेजारच्या पाटण गावचे एक आबा उठून उभे राहिले होते.

“बाई, टेम्पो बलिवतो मी,” ते म्हणत होते. “कामशेतला नवी गिरनी झालीया, तितं नेतो.”

नवी गिरणी रबरी रोलरची, तांदूळ पांढरा शुभ्र देणारी. एकदा पोती तिकडं वळली की पुढच्या वर्षी तिकडंच जाणार, हे आक्कालाही ठाऊक होतं आणि आबांनाही. दाजींनंतर तिनं जे धरून ठेवलं होतं ते असं पोत्यापोत्यानं रस्त्याला लागणार होतं. ती एका पोत्यावर हनुवटीला हात लावून बसली होती. भुवया तशाच पांढऱ्या. मला बघून तिनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मी तयार केलेलं एकही वाक्य तोंडातून बाहेर आलं नाही.

सोपाननं शाफ्टचे दोन तुकडे आणून दिले. मी उंबऱ्यावर बसलो, मोडलेलं तोंड पुसलं आणि भिंग लावलं. सगळं तिथं लिहिल्यासारखं होतं. वेल्डिंगचा थर जिथं संपत होता तिथं कडेला एक बारीक काळा ठिपका. तिथून सुरुवात. मग गुळगुळीत कमानी, एकीमागून एक, तळ्याचं पाणी ओसरत जाताना काठावर रेघा राहतात तशा. चीर थोडी थोडी पुढं सरकत गेली होती. आणि पलीकडच्या टोकाला खडबडीत, दाणेदार भाग, जो शेवटी एका झटक्यात तुटला.

“हे बघ सोपान,” मी म्हणालो. “हा आज दुपारी मोडलेला नाही. दिवाळीपासून मोडतोय. आणि तू भरलेली जागा बघ, अजिबात झिजलेली नाही.”

“व्हय की,” सोपान डोळे बारीक करून बघत म्हणाला. “झिजायचा थांबला आन् मोडून बसला. आमच्या जेसीबीच्या दाताला ह्ये दुखणंच न्हाई. आईशप्पत भाऊ, तुमाला ह्ये सगळं ह्याच्यात दिसतं?”

त्याच्या चेहऱ्यावर ना राग ना शरम. शाळेत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून कांद्याची साल बघणाऱ्या पोराचं कौतुक होतं. हीच तर त्याची सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. मी त्याच्यावर इतकी वर्षं जळतोय आणि त्या माणसाला त्याची झळच लागत नाही.

“रेघा मंग बगा,” आक्का म्हणाली. “आता काय करायचं त्ये सांगा.”

मी आबांना म्हणालो, उद्यापर्यंत थांबा. आबा आक्काकडे बघून थांबले, माझ्याकडे बघून नाही. आणि मी आणि सोपान त्याच्या पिकअपमध्ये बसून निघालो. त्याच्याशेजारी एवढा वेळ बसण्याची माझी ती पहिलीच वेळ.

माझ्या ओळखीच्या एकाकडे चांगल्या जातीच्या पोलादाची सळई मिळाली. लेथवाल्याला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. जाडी जिथं बदलते तिथला कोपरा काटकोनी ठेवू नको, छान गोल वळव. सगळा ताण कोपऱ्यात साठतो. तिथून आम्ही पृष्ठभाग कडक करून देणाऱ्या एका छोट्या कारखान्यात गेलो. तिथला मालक माझा जुना सहकारी. त्यानं आमचं काम मध्येच घातलं.

हे काम मी हजारदा पाहिलंय आणि तरी दर वेळी बघत राहतो. तांब्याच्या नळीचं एक वेटोळं असतं. शाफ्ट उभा धरून त्या वेटोळ्यातून हळूहळू सरकवतात. वेटोळं त्याला शिवतही नाही, पण जिथून तो जातो तिथं क्षणात लालभडक होतो, फक्त वरवर, फक्त सालीपुरता. आणि मागोमाग पाण्याचा फवारा. लाल, मग फस्स, मग राखाडी. लालीचं एक कडं शाफ्टवरून चढत जातं आणि त्याच्या मागे सगळं गार. सोपाननं आयुष्यभर पोलाद पेटवलं होतं, पण असं आगीशिवाय पेटलेलं पाहिलं नव्हतं. त्यानं टोपी काढून हातात धरली.

“कोपरा धरून घे रे,” मी ऑपरेटरला ओरडून सांगितलं. कडक थर जिथं संपतो ती जागा नाजूक असते. ती कोपऱ्यात आली तर सगळं मुसळ केरात. तो थर कोपऱ्याच्या पुढं जाऊन सरळ भागावर संपायला हवा.

मग मंद आचेच्या भट्टीत थोडा वेळ, नुसता कडकपणा जरा माणसात यावा म्हणून. तोवर आम्ही बाहेर चहा घेतला.

“म्हंजी भाऊ, नुसता कडक केला असं न्हाई?” सोपाननं विचारलं.

“नुसता कडक तूही केला होतास.”

तो हसला. मी त्याला सांगितलं, की पोलाद असं एकदम गार केलं की त्याची साल फुगू बघते. पण आतला गाभा फुगत नाही, तो तिला धरून ठेवतो. म्हणून साल दाबात राहते. तुडुंब भरलेल्या एस्टीत उभा असलेला माणूस धक्का लागला तरी पडतो का? पडायला जागाच नसते. तसं चिरेला तोंड उघडायला जागाच मिळत नाही. त्यामुळे झीजही कमी आणि थकवाही लांब. तुझा थर ताणलेला होता, हा दाबलेला आहे.

सोपाननं कप खाली ठेवला. “माझ्या हातानं मीच त्याला ताणून ठेवला म्हना की,” तो म्हणाला. शाफ्ट भट्टीतून निघून थंड झाल्यावर त्यानं खिशातून कानस काढून त्याच्यावर घासून पाहिली. कानस नुसतीच घसरली, ओरखडाही उठला नाही. त्यानं पुन्हा घासली. “कानस बी घसरती की!” असं म्हणून त्यानं तो शाफ्ट खांद्यावर घेतला, पिकअपमध्ये गोणपाट अंथरलं आणि त्यावर निजवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाफ्ट बसला. बसवला सोपाननं, कारण त्याचे हात त्या कामाला वळलेले. मी पातळी बघितली, पट्ट्याचा ताण बघितला. मग सोपाननं स्विच दाबला आणि गिरणी सुरू झाली. पोत्यांवरची माणसं उठून उभी राहिली. पाटणचे आबा पुढं झाले आणि सोपानच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “वा रं मर्दा! चालू केलीस गिरनी!”

मी तिथंच उभा होतो. हातात मोजपट्टी घेऊन. बेअरिंगमध्ये गेल्यावर तो शाफ्ट दिसायला कुठल्याही शाफ्टसारखाच होता. सोपाननं लगेच माझ्याकडे बोट दाखवून सांगितलंही, “ह्या भाऊंनी केलंय सगळं.” पण गिरणीच्या आवाजात ते आबांना ऐकूच गेलं नाही.

आक्काला मात्र कळलं होतं. पुढच्या भाऊबीजेला पुरचुंडी मला मिळाली. तिनं ती माझ्या दोन्ही हातांत ठेवली आणि वरून तिचे हात दाबले. तिचे तळवे आता इतके कडक झालेत, की कुठं घट्टा संपतो आणि कुठं हात सुरू होतो ते कळत नाही. मी ती पुरचुंडी गाडीत मांडीवर घेऊन बसलो. त्या भाताला जी चव आली ती बायकोलाही कबूल करावी लागली.

ते एकच वर्ष. त्यानंतर काय झालं ते सांगायला मला अवघड जातं, कारण काहीच झालं नाही. शाफ्ट चालत राहिला. झिजला नाही, थडथडला नाही, मोडला नाही. कामशेतला एकही पोतं वळलं नाही. हंगामामागून हंगाम गेले. गिरणीत बाकी सगळं बिघडत होतं. जाळी फाटायची, पट्टा निसटायचा, मोटर कुरकुरायची, आणि सोपान यायचा. प्रत्येक जाळीमागे एक चहा, प्रत्येक पट्ट्यामागे एक जेवण. तो आक्काच्या ओट्यावर बसून पोरीच्या शाळेचं सांगायचा, आक्का त्याला गुडघ्याचं सांगायची. मला तिचे गुडघे दुखतात हेसुद्धा सोपानकडून कळलं. पुरचुंडी परत त्याच्याकडे गेली, आणि तक्रार करायला मला तोंडच नव्हतं. गिरणी ज्यानं चालवली, पहिला तांदूळ त्याचा.

मी नुसता सोपानवर जळत नाही. मी त्या फाटणाऱ्या जाळ्यांवरही जळतो. मला वाटतं, आपण इतकं पक्कं काम कशाला केलं? कोपरा जरा कमी गोल केला असता, थर जरा आखूड ठेवला असता, तर दर दोन-तीन वर्षांनी मला बोलवावं लागलं असतं. असं काम माझ्या हातून होणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि त्याचाही मला राग येतो.

यंदा गेलो तेव्हा सोपान आधीच ओवाळून घेऊन बसला होता. पुरचुंडी त्याच्या मांडीशी. माझ्याकडे बघून तो उठला, त्यानं मला पाट सरकवून दिला, पाणी आणून दिलं. आक्कानं ओवाळलं. गुडघ्यावर हात टेकून ती उठली तेव्हा मी हात पुढं केला, पण तोवर सोपाननं तिला धरलं होतं.

जेवण झाल्यावर मी गिरणीत गेलो. आक्कानं माझ्या मागून येऊन एक पोतं रिकामं केलं आणि गिरणी चालू केली. मी बेअरिंगवर तळहात ठेवला. थंडगार. पट्ट्याकडे बघितलं नाही तर शाफ्ट फिरतोय हेही कळत नव्हतं, इतका तो सरळ फिरत होता.

“आक्का,” मी मोठ्यानं विचारलं, “शाफ्ट कसा चाललाय?”

“कंचा शाफ्ट?”

“हा. मी करून आणलेला.”

तिनं शाफ्टकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी पाहत असावी.

“आरं, त्यो व्हय? त्याचं काय? हाय की.”

तिनं फडक्यानं तोंड पुसलं आणि आत वळून हाक मारली, “सोपाना, जाळी पुन्ना ढिली लागतीया रं, जरा बगून जा!” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तू बस निवांत. तुझं काय काम न्हाई हितं.”

तिनं ते मायेनं म्हटलं होतं. लहानपणी खाचरात चिखलात उतरायला लागलो की मला बांधावर बसवून ती हेच म्हणायची. सोपान पाना घेऊन आला आणि जाळीशी वाकला. मी बाजूला झालो. हात अजून बेअरिंगवरच होता, आणि त्याच्याखाली माझा शाफ्ट न थकता, न झिजता, कुणालाही न दिसता फिरत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या हातच्या पोलादाला मनातल्या मनात विनवलं. मोड रे एकदा. ऐन हंगामात मोड. म्हणजे आक्का स्वतः मला फोन लावेल आणि म्हणेल, “कुटं हाईस? ये की लवकर.”